हास्यक्लबाबाहेरचा बाक

बागेत हास्यक्लब रंगलाय आणि मी बाकावर चुळबुळत बसलोय. प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून मोठ्याने हसलं की लघवीचे थेंब सुटतात. "काका, लघवी अडवताना जे स्नायू आवळता तेच आवळा, श्वास न रोखता, मग सैल सोडा," असं फिजिओथेरपिस्टने शिकवलंय. बसल्या बसल्या तेच चाललंय, पण दिसत कुणालाच नाही. मित्रांना वाटतं, मी रुसलोय. वर्गात, मयताला, साहेबांसमोर हसू आवरण्यात जन्म गेला. आता हसायचं म्हटलं तर हे आवरायचं!

तेवढ्यात गोलातल्या अण्णांकडे लक्ष गेलं. हात वर, तोंड उघडं, पण आवाज नाही. गुडघे घट्ट जुळलेले.

मी उठलो, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "अण्णा, आधी आवळा. मग हसा."