पार्टीचे नाव काय?

लाकडाच्या कारखान्यात भुसा कोणी मुद्दाम तयार करीत नाही. संध्याकाळी जमीन लख्ख झाडून घ्यावी, सकाळी पाहावे तो घोट्याएवढा भुसा पुन्हा आहेच! किश्शांचेही तसेच आहे. मी विनोदी मनुष्य नव्हे. शाळेत शिकवीत असताना मुले माझ्या तासाला खोकतसुद्धा जपून. तरीही रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मंडळी मला गाठतात आणि म्हणतात, "सर, त्या उतारावरचे सांगा." सांगतो. हसण्याची सक्ती नाही.

निवृत्तीनंतर मी सातिवलीच्या एका लाकूड कंपनीत व्यवस्थापक झालो. मालक धनजीशेठ. कच्छकडचे, श्रद्धाळू, हिशेबाला पक्के. त्यांचा मोठा ग्राहक होता जर्मनीत. लाकडी खेळणी घेणारा. नव्वदच्या दशकात त्याने कळवले, "जी कंपनी कापते तशी लावतेही, तिचाच माल यापुढे घेऊ. तसा दाखला आणा."

शेठ माझ्या टेबलाशी आले.

"सर, झाड कापतो आपण. ते बरोबर. पण लावतो कोण?"

"देव," मी म्हणालो.

"ते खरं. पण दाखल्यावर त्याची सही कोण आणणार?"

कारखान्यामागे शेठच्या मालकीचा एक डोंगरउतार मोकळा पडला होता. तेथे रान उभे करावे, असे मी सुचवले. शेठचा पुतण्या केतन याला तेथे कारखान्यांचे गाळे बांधून विकायचे होते. शेठनी दोघांचे ऐकले आणि निकाल दिला. तपासनीस दरवर्षी पाहून जातील. पहिली विरळणी, म्हणजे दाटीतली कमजोर झाडे काढून चांगल्यांना जागा करून देणे, नीट पार पडली की पक्का दाखला. "दाखला मिळाला तर रान. नाही मिळाला तर गाळे. मग सर, तुम्ही मध्ये बोलायचं नाय."

मी शब्द दिला. केतनने त्याच आठवड्यात गाळ्यांचा नकाशा काढून घेतला.

*

रोपे आणायला मी वामन मिस्त्रींना बरोबर घेतले. मिस्त्री आमच्या मोठ्या करवतीवरचे प्रमुख. मूळचे कोकणातले. लाकडात त्यांचा शब्द अखेरचा. ओंडक्यावर हात फिरवून ते त्याचे रान सांगत.

रोपवाटिकेत मिस्त्री रांगांमधून दोनदा फिरले. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, यातला साग कुठला?"

मला वाटले, माझी परीक्षा घेत आहेत. "मिस्त्री, तुमचे आयुष्य सागात गेले!"

"गेलं ना. पण आपल्याकडे येतो तो आडवा येतो. उभा कधी बघितलाच नाही!"

एवढे बोलून त्यांनी एका रोपाचे खोड मधोमध मोडले, नाकाशी धरले, डोळे मिटले आणि प्रसन्न होऊन जाहीर केले, "हा साग!"

"होता," रोपवाटिकेचा माळी म्हणाला. "आता याची भरपाई द्या."

*

लागवडीच्या दिवशी जे घडले, ते समजण्यास कारखान्याची एक रीत ठाऊक हवी. आमच्याकडे बाहेरचे व्यापारी आपापले ओंडके चिरायला टाकीत. एकदा एकाचा ओंडका दुसऱ्याच्या नावावर चिरला गेला आणि फाटकाशी गुद्दागुद्दी झाली. तेव्हापासून मी नियम केला. आवारात येणाऱ्या प्रत्येक लाकडावर त्याच्या मालकाचे, म्हणजे आमच्या भाषेत 'पार्टी'चे नाव घालावे, आणि पार्टीच्या संमतीवाचून त्याला करवत लावू नये. हा नियम मी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहवून घेतला होता.

मिस्त्रींनी तो पाळला. उतारावर पहिले रोप मातीत गेले आणि ते रंगाचा डबा व लाकडी पाट्या घेऊन पुढे आले.

"पार्टीचे नाव काय?"

"मिस्त्री, ही रोपे आहेत."

"लाकूडच आहे, सर. लहान आहे एवढंच."

पाहता पाहता सगळ्यांना ते पटले. शेठनी आपल्या दिवंगत मातोश्रींचे, जमनाबांचे, नाव घातले. कोणी वडिलांचे घातले, कोणी लेकीचे. मिस्त्रींनी सासूबाईंच्या नावाचे रोप घेतले आणि ते सर्वांत वरच्या, खडकाळ, पाणी न ठरणाऱ्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लावले.

शेवटी सागाचे एक वाकडे रोप उरले. ते कोणी घेईना. मी लावले.

"पार्टी?"

नावाचा सोस मला आवडत नाही. "ज्याने दिले त्याचे. देवाचे."

मिस्त्रींनी गंभीरपणे पाटीवर 'देव' असे लिहिले आणि विचारले, "पत्ता?"

"सर्वत्र."

"डिलिव्हरीला अवघड आहे," मिस्त्री म्हणाले.

*

राखणीला पायथ्याच्या गावातल्या हिराबाईंना नेमले. भाताची शेती करणारी, खणखणीत आवाजाची बाई. पहिल्याच महिन्यात जमनाबांचे रोप शेंड्यापासून बुडापर्यंत कोणीतरी खाऊन टाकले. जमनाबांचे रोप शिवणीचे होते, आणि शिवणीचा पाला गुरांना गोड लागतो. चौकशीअंती निघाले की बकरी हिराबाईंचीच होती.

मी त्यांना उभे करून विश्वस्तपणाविषयी सविस्तर सांगितले. जे आपल्या हाती सोपवले आहे त्याचा जाब एक दिवस द्यावा लागतो, इत्यादी. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मास्तर, तुम्ही म्हनालात, कोनाला आत येऊ देऊ नको. मी एक मानूस आत नाय सोडला! बकरीचं तुम्ही बोलला होतात?"

मी बोललो नव्हतो. जमनाबांचे नवे रोप लावले. बकरी दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या फाटकाशी बांधलेली दिसू लागली. "आता तुमच्या नजरेसमोर ऱ्हाईल," हिराबाई म्हणाल्या. "तिला पन जरा सांगा, जाब काय असतो ते."

*

शेठ दर आठवड्याला उतारावर येत. रोपे गुडघ्याएवढी झाली तेव्हा ते एका सागासमोर टेप घेऊन बसले.

"सर, यातून दाराची चौकट कधी निघेल?"

"आपल्या नातवाच्या लग्नाला."

"अहो, पण माझ्या पोराचंच अजून ठरत नाय!"

"मग घाई कोणालाच नाही."

शेठनी टेप गुंडाळला. पुढे कित्येक महिने ते उतारावर आले की आधी सागाला म्हणत, "सावकाश, सावकाश!"

*

उन्हाळ्यात वर पाणी नेणे हे मोठे काम. मी नियम केला होता की उतारावर जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये. प्रत्येकाने पाण्याचा एक कॅन वर न्यावा. शेठ नेत, मी नेत असे.

एका दुपारी केतन गाळ्यांच्या गिऱ्हाइकाला घेऊन आला. पांढरा सफारी, पांढरे बूट. मी कारखान्यात होतो. वाटेवर हिराबाई उभ्या होत्या.

"कॅन उचला."

"मावशी, हे पाहुणे आहेत," केतन म्हणाला.

"मग दोन उचला. पाहुन्याच्या हातचं पानी झाडाला लागतं."

गृहस्थ सभ्य असावेत. दोन कॅन घेऊन ते भर उन्हात टोकापर्यंत गेले आणि मिस्त्रींच्या सासूबाईंना पाणी घालून खाली आले. तोवर सफारीचा रंग बदलला होता. माझ्या कार्यालयात बसून त्यांनी आधी श्वास घेतला आणि मग केतनला एवढेच विचारले, "केतनभाई, जिथे झाडाला पाणी माणसाच्या हाताने वर न्यावं लागतं, तिथे गाळेवाल्याला नळ कुठून देणार?"

ते पुन्हा आले नाहीत. केतनने हिराबाईंना कामावरून काढा म्हणून शेठकडे तक्रार केली. शेठ म्हणाले, "का? पाणी तर बरोबर वर पोचलं ना?"

*

झाडे आमच्या डोक्यांच्या पार वर गेली. नव्या शतकाच्या सुरुवातीला विरळणीचे वर्ष आले. वनखात्याची परवानगी हाती पडली. तपासनीस साहेब दक्षिणेकडचे होते. मोजके हिंदी बोलत. ते प्रत्येक झाडासमोर उभे राहात आणि जे काढायचे त्यावर लाल पट्टा मारीत.

खडकाळ कोपऱ्यात ते थबकले. तेथला साग सर्वांत उंच, सर्वांत सरळ, खोडावर एक गाठ नाही!

"ये पेड़ सबसे मज़बूत है," साहेब म्हणाले. "आख़िर तक रहेगा."

"माहीत आहे, साहेब," मिस्त्री म्हणाले. "घरीच असतात."

*

लाल पट्टे मारून साहेब खाली गेले. विरळणी पावसाच्या आधी पुरी करायची होती. नाही केली, तर दाखला नाही. मिस्त्रींनी करवत आणली आणि पहिल्या पट्ट्यापाशी बसून राहिले.

"मिस्त्री, काय झाले?"

त्यांनी पाटीकडे बोट केले. "पार्टीची संमती?"

मी त्यांना समजावू लागलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, नियम तुमचा आहे. भिंतीवर आहे."

तो नियम मोडा असे मी सांगू शकलो नाही. मग एकेका पार्टीला बोलावणे गेले. कोणी लगेच हो म्हणाले, कोणी रडले. एकाने वडिलांच्या नावचे झाड वाचवण्यासाठी सख्ख्या मेव्हण्याचे देऊ केले! केतन खाली फाटकाशी उभा राहून कोणाला तरी फोनवर सांगत होता, "काही कापत नाहीत हे लोक. लाकडाची कंपनी आहे आणि झाड कापता येत नाही यांना. आपलं काम होणार!"

ढग जमू लागले तेव्हा एकच झाड उरले. वाकडे, शेजारच्या दोन सागांचे ऊन अडवणारे. पाटीवर नाव 'देव'.

मिस्त्रींनी करवत खाली ठेवली. "सर, तुमची ओळख आहे. तुम्हीच विचारा."

शेठ होते, हिराबाई होत्या, सगळा कारखाना होता. मी झाडासमोर गेलो, टोपी काढली, मान खाली घातली आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने प्रार्थना म्हटली. घाई न करता, शेवटपर्यंत. मग टोपी घातली.

"काय म्हणाली पार्टी?" मिस्त्रींनी विचारले.

खोटे बोलणे मला शक्य नव्हते. "नकार दिला नाही."

मिस्त्रींनी समाधानाने करवत उचलली. "मोठ्या पार्ट्या अशाच असतात, सर. तोंडाने कधी हो म्हणत नाहीत!"

*

साग कापला तरी मरत नाही. पावसात त्याच्या खुंटातून नवे फुटवे येतात. तपासनीस साहेबांनी बजावले होते की प्रत्येक खुंटावर जोमदार असा एकच फुटवा ठेवावा, बाकीचे छाटावेत. पाऊस सरल्यावर तेवढे पाहून ते दाखल्यावर सही करतील.

मिस्त्री आणि हिराबाई कोयते घेऊन सगळा उतार फिरले. शेवटच्या खुंटापाशी त्यांनी मला हाक मारली. 'देव' ही पाटी तशीच होती. खुंटातून फुटवे आले होते तीन. एकाच उंचीचे, एकाच जाडीचे, तिन्ही सरळ!

"सर, यातला कोणता ठेवू?"

मी वाकून तिन्ही पाहिले.

"राहू द्या," मी म्हणालो.

"कोणता?"

"तिन्ही."

"साहेब एकच म्हणालेत. एका खुंटापायी दाखला जाईल, सर! केतन टपलाय."

"एकच आहे."

मिस्त्रींनी बोट लावून मोजले. "तीन आहेत, सर."

"तीन आहेत," मी म्हणालो. "एकच आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, खुंटाकडे पाहिले आणि कोयता कमरेला अडकवला. "आमच्या गावच्या देवळात पण असंच आहे," ते म्हणाले. हिराबाईंनी तगरीचे एक फूल आणून खुंटावर ठेवले.

साहेब आले. मागे शेठ, मी, मिस्त्री, हिराबाई. सर्वांत मागे केतन, बगलेत नकाशा. साहेब प्रत्येक खुंटापाशी थांबत आणि "एक" म्हणून पुढे जात. एक. एक. एक. शेवटच्या खुंटापाशी ते थांबले.

"कितने?"

केतनने बगलेतला नकाशा काढला.

"एक," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी पाटी पाहिली. पाटीवर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता आले. फूल पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"एक," ते म्हणाले आणि उतार उतरू लागले.

केतन धावत पुढे आला. "काका! तीन आहेत! डोळ्यांनी बघा ना, तीन आहेत!"

शेठ खुंटासमोर केव्हाच अनवाणी उभे होते, हात जोडून.

"केतन," ते म्हणाले, "चप्पल काढ."