चार लिंबं आणि लाल मोटार

ती चोरी आठवली की आजही मला हसू आवरत नाही. पोलिसाच्या नोकरीत हसू आणणाऱ्या चोऱ्या फार वाट्याला येत नाहीत, म्हणून ही मी जपून ठेवली आहे. यात कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. कायद्याची अडचण नाही, पण एका माणसाला तसा शब्द दिला आहे. तो का दिला, ते ओघात येईलच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात गंगापूर रोड भागातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप हातात घेतला आणि ठाणे अंमलदाराने दोन गृहस्थांना आत आणलं. एक होते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर, जवळच्याच बंगल्यात राहणारे. दुसरे मुंबईचे शेठ, जुन्या मोटारींचे शौकीन. इंजिनीअरांची मोटार न्यायला शेठ ट्रक घेऊन आले होते. शेड उघडली, तर आत मोटारच नाही.

"साधीसुधी मोटार नाही साहेब," इंजिनीअर म्हणाले.

इंग्रजी बनावटीची, दोनच माणसांची, कापडी टप मागे पाडला की वर मोकळं आभाळ. देवळालीच्या छावणीतला एक इंग्रज अधिकारी मायदेशी जाताना ती इंजिनीअरांच्या वडिलांना विकून गेला होता. यांच्या लग्नाच्या सुमारास तिचं इंजिन बसलं, ते बसलंच. मग शेडमध्ये तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी तिला खोलली. पत्रा ठोकून घेतला, तारांची चाकं सरळ केली, सातपूरहून बंपरला क्रोम चढवून आणला, विलायतेहून कार्बोरेटरचे भाग मागवले, ताडपत्रीवाल्याला अंगणात बसवून नवा टप शिवून घेतला. गेली काही वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. आता एवढ्या मेहनतीला जाणकार गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि शेठनी स्पष्ट सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत मोटार ट्रकवर चढली नाही तर ते पुण्यातली दुसरी घेणार.

नियंत्रण कक्षाला वर्णन कळवून बिनतारी संदेश सगळीकडे पाठवला. फिर्याद लिहून घेण्याआधी जागा बघावी म्हणून बंगल्यावर गेलो. माझ्यासोबत एक जुने हवालदार होते, निम्मी नोकरी वाहनचोरीच्या तपासात काढलेले.

शेडचं कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडलं होतं, आणि मोटार बाहेर काढल्यावर चोराने पुन्हा नीट लावलंही होतं. इतका व्यवस्थित चोर मी तोवर पाहिला नव्हता. आत फरशीवर, जिथे चार चाकं उभी असणार तिथे, चार लिंबं चिरडलेली होती. शेडच्या पायरीवर ताज्या नारळाच्या दोन करवंट्या आणि सांडलेलं कुंकू.

हवालदार खाली वाकून बघत राहिले. म्हणाले, "साहेब, हा चोर नाय. चोर गाडीची पूजा करून कशाला नेईल? याला ती गाडी सुखरूप पोचवायची व्हती."

मी इंजिनीअरांना विचारलं, "तुमच्या घरी कोण करतं हे?"

"माझ्या घरी असलं काही चालत नाही," ते जरा तोऱ्यात म्हणाले. "आणि घरी आहेच कोण? मी आणि आमची ही. ती पहाटेच लासलगावला माहेरी गेली, एसटीने. तिला या मोटारीत काडीचाही रस नाही."

नवऱ्याने बायकोबद्दल इतक्या खात्रीने काही सांगितलं, की तपास अधिकाऱ्याने ते तपासून घ्यावं, असा माझा अनुभव आहे. पण इंजिनीअरांचा संशय मोटारीचं काम करणाऱ्या मिस्त्रीवर होता, म्हणून आधी मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं.

मिस्त्री आला, खुर्चीच्या कडेवर बसला. मी म्हटलं, "मोटार गेली."

चोरी झाली हे कळल्यावर माणूस आधी विचारतो, कोणी नेली, कधी नेली. या माणसाने विचारलं, "रस्त्यात गरम होऊन थांबली तर नाय ना, साहेब?"

"कुठल्या रस्त्यात?"

मिस्त्रीने जीभ चावली. त्यानंतर तो तोंड उघडेना. दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं. शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, मला शपथ घातलीय. दुपारपर्यंत विचारू नका, मग काय वाटंल ते करा. पण गाडी चोरांच्या हातात नाय, एवढं खरं."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी हवालदारांकडे. अट्टल गुन्हेगार एकमेकांना धमक्या देतात, पैसे देतात. शपथ घालत बसत नाहीत. ती घरची रीत. मी विचारलं, "वहिनींना गाडी चालवायला तूच शिकवलीस ना?" तो नुसता हसला. माझा जबाब मला मिळाला.

तेवढ्यात फोन वाजला. लासलगावचे हवालदार होते. "साहेब, तुमची लाल मोटार गावली. बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत हुभी हाय. एक बाई चालवतायत. लय गर्दी झालीय, लिलाव थांबलाय. काय करू?"

"काही करू नका," मी म्हटलं. "त्यांना पाणी द्या आणि मोटारीलाही."

लासलगाव ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. वरिष्ठांना कळवून निघालो. जीपमध्ये इंजिनीअर, शेठ आणि मिस्त्री. इंजिनीअर निफाडपर्यंत संतापून बोलत होते. विंचूरला वळताना मात्र आपणहून म्हणाले, "लग्नात मी सासऱ्यांना म्हणालो होतो, पहिल्या खेपेला तुमच्या लेकीला उघड्या मोटारीतून घेऊन येईन. नेमकं तेव्हाच इंजिन बसलं. एसटीने गेलो. आता ते कोणाच्या लक्षात असणार?"

होतं. सगळ्या बाजाराच्या लक्षात होतं. त्यांचे सासरे, गावचे आप्पा, जुने अडते. जावयाच्या भरवशावर त्यांनी बाजारभर सांगून ठेवलं होतं, आणि लेक-जावई उतरले एसटीतून. तेव्हापासून बाजारात त्यांना रोज कोणीतरी विचारायचं, "काय आप्पा, मोटार निघाली का नाशकातून?" थट्टा करणारे म्हातारे झाले, त्यांची मुलं गाळ्यावर बसू लागली, तरी प्रश्न तोच. आप्पा नव्वदीला टेकले तरी रोज गाळ्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि तो प्रश्न ऐकायचे. मोटार आज मुंबईला गेली असती तर त्या प्रश्नाला उत्तर कधीच मिळालं नसतं. हे सगळं मला तिथल्या हवालदारांनी बाजाराच्या दारातच सांगितलं.

आत ट्रॅक्टरांच्या मधोमध ती मोटार उभी होती, आणि खरं सांगतो, मीही पाहतच राहिलो. लालभडक, टप पाडलेला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. स्टिअरिंगमागे साठीच्या आसपासच्या बाई, डोक्याला घट्ट रुमाल, चेहऱ्यावर अर्ध्या जिल्ह्याची धूळ. शेजारी खुर्चीवर पांढरं धोतर, टोपी घातलेले आप्पा. पण आप्पांचा चेहरा फुललेला नव्हता.

"लेक आली," ते म्हणत होते. "पर जावई कुठंय? म्या जावई घेऊन येईल म्हणलं व्हतं."

"येतायत आप्पा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मागून येतायत. पोलिसांच्या गाडीतून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाईंना विचारलं, "म्हणजे आम्ही यांना घेऊन येणार, हे तुम्ही धरूनच चालला होता?"

"मग काय करू साहेब? वर्षभर म्हणतेय, विकायच्या आधी एकदा आप्पांना दाखवून येऊ. हे म्हणायचे, धूळ बसेल. माझ्यासाठी कुठं येत नाहीत, पण मोटारीच्या मागे कुठंही येतील. आणि रस्ता चुकू नये म्हणून पोलीस बरे."

अख्ख्या नोकरीत आरोपीने मला असं कामाला लावलेलं दुसरं उदाहरण नाही.

इंजिनीअर जीपमधून उतरले. आप्पांनी डोळे बारीक केले. "अरे, जावयाला का धरलंय?" भोवतीचा बाजार खदखदून हसला. इंजिनीअर काहीतरी बोलायला गेले, आणि आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मोटारीजवळ गेले, बायकोला म्हणाले, "सरक."

बाई सरकल्या. मोटार मागे घेत घेत थेट बाजाराच्या दाराबाहेर गेली, रस्त्यावर वळली आणि पुन्हा दारातून आत आली, जशी त्या वेळी यायची होती तशी. ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवले. बाईंची भावजय औक्षणाचं ताट घेऊन धावत आली. आप्पा काठी टेकत उठले आणि समोरच्या गाळ्यावरच्या आपल्या वयाच्या मित्राला ओरडून म्हणाले, "आली का नाय मोटार? जरा उशीर झाला, एवढंच!"

तो मित्र रडत होता की हसत होता, मला सांगता येणार नाही. मी हसत होतो आणि माझे डोळेही भरले होते.

शेठनी बॉनेट उघडून पाहिलं. मिस्त्रीने पाण्याचा डबा पुढे केला, पण लागला नाही. "इतक्या लांबची ट्रायल मला कोणी दिली नसती," शेठ म्हणाले. "मोटार घेतो." आता इंजिनीअरच का-कू करू लागले. बाई म्हणाल्या, "द्या आता. माझं काम झालं." इंजिनीअरांच्या मेव्हण्याने वानोळा म्हणून मोटारीत कांद्याची गोण ठेवली, ती तशीच मुंबईला गेली.

फिर्याद झालीच नव्हती. डायरीत 'वाहन मिळून आले, तक्रार नाही' एवढं लिहिलं. वस्तू गेली की तिच्यावर डोळा कोणाचा होता हे शोधायला आम्हाला शिकवलेलं असतं. तिची वाट कोण बघत बसलं होतं, हेही विचारायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि पुढे अनेक घरगुती प्रकरणांत त्याचा उपयोग झाला.

निघताना आप्पांनी मला जवळ बोलावलं. माझा हात धरून हळूच म्हणाले, "साहेब, एक करा. मोटार चोरीला गेली व्हती, हे कोणाला नाव घेऊन सांगू नका. न्हाईतर उद्यापास्नं बाजार विचारंल, काय आप्पा, जावई चोरीच्या मोटारीतनं आला व्हता ना?"

मी शब्द दिला. म्हणून नावं लिहिलेली नाहीत.