किल्लीवरचा हात: सातारा ते जत आणि परत

"दोष गाडीत नाही, तुमच्या हातात आहे." शोरूममधला तो माणूस अण्णांना असं म्हणाला, त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. गणित चुकलेल्या मुलाला समजवावं तसं तो बोलत होता. अण्णा म्हणजे माझे वडील, कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. ते हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. गाडी चालू होत नव्हती आणि लाज आम्हाला वाटत होती.

साताऱ्याहून जतला गाडीने जायचं तर कोणत्या रस्त्याने जावं, असं ब्लॉगवर दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून लिहायला बसले. रस्ता सांगतेच. पण माझ्या मनात तो रस्ता एकाच प्रवासाचा आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेज संपवून घरी होते, आणि आमच्या दारात आयुष्यातली पहिली गाडी होती.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ती पुढे बंदच पडली. गाडी दिसायला गोड होती. तिचं स्टिअरिंग लॉक मात्र पहिल्या महिन्यापासून अडायचं. गाडी बंद करून किल्ली काढली की आतला खिळा पडतो आणि चाक जागच्या जागी अडकतं, चोराने नेऊ नये म्हणून. पुन्हा किल्ली फिरवली की खिळा वर जायला हवा. आमचा जायचा नाही. मग किल्ली फिरायची नाही, आणि किल्ली फिरली नाही तर गाडी चालू कशी व्हायची? एका हाताने चाक हलवत, दुसऱ्या हाताने किल्लीची मनधरणी करत अण्णा बसायचे. कधी लगेच जमायचं, कधी शेजारी गॅलरीत येऊन बघून, कंटाळून आत जायचे. शोरूमवाल्यांनी गाडी दोनदा ठेवून घेतली, धुऊन परत दिली.

त्या हिवाळ्यात ताईला बाळंतपणासाठी आणायचं होतं. ताई माझी थोरली बहीण, जतच्या पुढे एका वाडीवर दिलेली. दाजी फौजेत, तेव्हा काश्मीरकडे. घरात ताई आणि तिच्या सासूबाई, दोघीच. सातवा महिना लागला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की धक्के नकोत, एसटी नकोच. आईची कंबर धरलेली, म्हणून अण्णा आणि मी निघालो. पुढच्या सीटवर मी, मांडीवर कंदी पेढ्यांचा खोका.

पहिला थांबा उंब्रज. तेव्हा हायवे गावातूनच जायचा आणि ट्रक अंगाला घासून गेल्यासारखे वाटायचे. कांदाभजी गरम होती, चहा आल्याचा. अण्णांनी गाडी सपाटीला लावली, चाकं सरळ ठेवली, बंद केली. चालू इंजिन म्हणजे त्यांना उघडा नळ वाटायचा. परत निघताना खिळा अडलाच. आणखी एक चहा होईपर्यंत आम्ही तिथेच.

कराडला हायवे सोडायचा, कृष्णेचा पूल ओलांडून ओगलेवाडीवरून पुढे जायचं. मग सुर्ली घाट. चढताना मागे वळून बघितलं तर खाली उसाचं हिरवं अंथरूण आणि त्यात कारखान्याचा धूर. वर कडेगाव, मग विटा. विट्यात जेवून घ्या, पुढे फार काही मिळत नाही. तेव्हा पंधरा-वीस रुपयांत पोटभर थाळी मिळायची. आमटी इतकी झणझणीत की अण्णांचं टक्कल घामेजलं. विट्यानंतर हिरवं संपत जातं. मोकळं माळरान, मेंढरांचे कळप, बाभळी, आणि उन्हात पांढरा दिसणारा रस्ता.

भिवघाट मागे टाकल्यावर एक लांब उतार आहे. अण्णांनी गिअर काढून गाडी न्यूट्रलला टाकली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ही त्यांची जुनी सवय. कचेरीच्या जीपवरच्या ड्रायव्हरने त्यांना गाडी शिकवली होती, आणि उतारावर तेल जाळायचं नाही हे त्याने पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तेव्हा पुष्कळजण असंच करायचे. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं. इंजिनचा आवाज थांबायचा, वारा ऐकू यायचा, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जायची.

त्या दिवशी वाऱ्यात एक बारीक आवाज आला. टक.

किल्ली काढली नव्हती, तरी खिळा पडला होता. रस्ता डावीकडे वळत होता आणि आम्ही सरळ चाललो होतो. अण्णांचे दोन्ही हात चाकावर होते, मनगटांच्या शिरा वर आल्या होत्या, आणि चाक भिंतीत चिणल्यासारखं गच्च. समोर पुलाचा कठडा येताना दिसत होता. अण्णांनी ब्रेकवर सगळा भार टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी मुरुमात फरफटत कठड्याच्या अलीकडे एका बाभळीत शिरून थांबली. पेढ्यांचा खोका माझ्या पायाशी फुटला होता.

मग अण्णा खाली उतरले, बंपरला अडकलेले काटे एकेक करून काढले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

संध्याकाळी वाडीवर पोचलो. शेजारच्या घरातून कानडी ऐकू येत होतं, अंगणात पाण्याची पिंपं ओळीने मांडलेली. टँकर एक दिवसाआड यायचा. ताई दारात उभी होती, चेहरा भरलेला, पाय सुजलेले. उद्या हिला घेऊन तीच गाडी, आणि सुर्लीचा घाट आता उताराचा.

जेवणं झाल्यावर ताईच्या सासूबाईंनी अण्णांना सरळ विचारलं, "गाडी बरी हाय न्हवं, पावनं? पोरीला न्यायची हाय."

"नवी आहे," अण्णा म्हणाले.

मावशींनी, मी त्यांना मावशी म्हणायचे, माझ्याकडे बघितलं. त्यांचं बघणंच विचारत होतं. मी सगळं सांगितलं. बाभूळ, कठडा, तो आवाज. अण्णा उठून बाहेर गेले आणि अंधारात गाडीत जाऊन बसले.

"मग न्हाई धाडायची," मावशी म्हणाल्या. "माजा ल्योक तिकडं बर्फात हाय. त्याला काय सांगू मी?"

पण वाडीवर ठेवणंही सोपं नव्हतं. महिन्यापूर्वी शेजारची सून अडली तेव्हा तिला पाण्याच्या टँकरच्या केबिनमध्ये घालून मिरजेला न्यावं लागलं होतं. ती घरी परत आली नव्हती, आणि त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यांच्या ओसरीवर वाळत घातलेली लहान दुपटी अजून कोणी काढली नव्हती. ताईला ती रोज दिसत होती.

रात्रभर ताई कुशीवर पडून होती. तिला झोप नव्हती हे मला कळत होतं. सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "किल्ली मी धरते. अण्णांनी गाडी चालवायची, किल्लीला हात लावायचा नाही."

आमच्या गाडीत किल्लीचं भोक चाकाच्या डाव्या अंगाला होतं, शेजारी बसणाऱ्याच्या हाताशी. हे तिच्या लक्षात होतं. मावशींनी उठून खण-नारळाने तिची ओटी भरली, आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "सोडू नगं. तुजा बा म्हनला तरी सोडू नगं."

अण्णांनी हे ऐकलं.

परतीला मी मागे बसले. ताई पुढे, किंचित वळलेली, डावा हात पोटावर, उजवा किल्लीवर. भिवघाटाचा तो रस्ता आता चढणीचा होता. बाभळीपाशी मुरुमात चाकांचे दोन ओरखडे दिसत होते. ते कठड्याच्या किती जवळ गेले होते, ते ताईने बघितलं.

विट्याला पेट्रोल घ्यावं लागलं. पंपावर गाडी बंद करायलाच लागते. ताईने बोटं काढली, अण्णांनी किल्ली फिरवली, आणि पेट्रोल भरून झाल्यावर व्हायचं तेच झालं. मागे जीप, टेम्पो, हॉर्न. कुणीतरी म्हणालं, "आवं, नारळ फोडा तिच्याफुडं." दुसरा म्हणाला, "फोडलेला दिसतोय, म्हनूनच रुसलीय." ताई समोर बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता.

तेवढ्यात हवेच्या पंपापाशी उभ्या असलेल्या तसल्याच गाडीतून एक गृहस्थ उतरले. कराडचे धान्याचे व्यापारी. काच खाली करायला लावून त्यांनी अण्णांना विचारलं, "तुमचाबी हात चुकतोय व्हय?"

त्या दोन दिवसांत अण्णा पहिल्यांदा हसले. "तुम्हालाही तेच म्हणाले?"

"मला म्हनले, तुमचा हात जड हाय. मंडळीला म्हनले, तुमचा हात हलका हाय. आता घरात तिसरा हात कुठनं आनू?" त्यांनी आत हात घालून चाक खसकन ओढून धरलं आणि अण्णांना किल्ली फिरवायला सांगितली. गाडी चालू झाली. "म्या लॉकच काढून टाकलं. चोरीला जाईल म्हनत्यात. जाऊ द्या की, नेऊन करनार काय तो?" मग ताईकडे बघून त्यांचा आवाज उतरला. जवळच एक मिस्त्री आहे, तासाभरात खिळा काढून देईल, पोरीला घाट उतरायचाय, असं ते अण्णांना समजावत राहिले.

अण्णा नको म्हणाले. नवी गाडी, कंपनीची वस्तू, फोडली तर वॉरंटी जाईल. मागच्या सीटवर मला ओरडावंसं वाटलं. पण मला त्यांचा चेहरा आरशात दिसत होता. खिळा आपणच काढून टाकला की कंपनी सुटेल आणि दोष आपल्या हातातच होता असं कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. आज मला तसं वाटतं. तेव्हा फक्त राग आला होता.

ताईने हात परत किल्लीवर ठेवला.

कडेगाव गेलं आणि सुर्ली घाट आला. समोरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत वर येत होते, वळणावर त्यांच्या उसाचं पाचट काचेला घासत होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली दिसणारी ओगलेवाडीची कौलं. मी रस्त्याकडे बघतच नव्हते. मी अण्णांच्या डाव्या हाताकडे बघत होते. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पुढे उतार सरळ झाला. अण्णांनी गिअर काढला, गाडी न्यूट्रलला आली, आणि तोच हात तसाच वर सरकला. मुद्दाम नव्हे. डोळ्यांवर आलेले केस मागे सारावेत इतक्या सहज.

त्यांची बोटं ताईच्या बोटांवर पडली.

"सोड ग, उतार आहे," ते म्हणाले. खरंच विसरले होते.

"अण्णा, हा माझा हात आहे."

एवढंच म्हणाली ती. हात हलला नाही. गाडी वेग घेत होती, पुढचं वळण दिसत होतं. मला त्या क्षणी देवाचं नाव आठवेना, ताईच्या बांगड्यांचा रंग तेवढा दिसत होता. मग अण्णांनी हात खाली नेला, दुसरा गिअर टाकला, आणि इंजिन मोठ्याने गुरगुरलं. सबंध घाट ते गुरगुरत राहिलं. तो कर्कश आवाज मला तेव्हापासून फार आवडतो.

ओगलेवाडीत सपाटीला आल्यावर मी पुढे वाकून ताईला म्हटलं, आता सोड. तिची बोटं उघडेनात. एकेक करून मी ती मोकळी केली. तळहातावर किल्लीच्या डोक्याचा लाल ठसा उमटला होता. अण्णा एकदा तिकडे बघून परत रस्त्याकडे वळले. उंब्रजला कोणीच भजी मागितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी चहाही न घेता अण्णा गाडी घेऊन बाहेर गेले. दुपारी आले आणि खिशातून एक बोटाएवढा लोखंडी खिळा काढून त्यांनी फडताळात ठेवला. त्याविषयी आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. ताईला मुलगी झाली, साताऱ्यात, सुखरूप. अण्णांनी ती गाडी आणखी बरीच वर्षं चालवली. उतारावर कधी बंद केली नाही. आता अण्णा नाहीत.

रस्ता आता छान आहे. हायवे उंब्रजवरून पुलाने जातो, भज्यांसाठी मुद्दाम खाली उतरावं लागतं. उतरा. विट्यात पेट्रोल भरून घ्या. आणि कोणताही उतार गिअरमध्येच उतरा, ही हात जोडून विनंती.

ताई मात्र तेव्हापासून साताऱ्याला एसटीनेच येते. कोणाच्या गाडीत बसायची वेळ आलीच तर मागे बसते, आणि तिची उजवी मूठ प्रवासभर मिटलेली असते. मी पन्नाशीकडे झुकले, माझ्या गाडीला आता किल्ली नाही, बटण आहे. मागच्या महिन्यात ती एका सकाळी चालू होईना. स्टिअरिंग लॉक झाल्याचा दिवा नुसता लुकलुकत होता. कंपनीला फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, बटण नीट दाबताय ना?" मी हसले. चाक थोडं हलवल्यावर ती चालू झाली. चाक धरायची ती जुनी रीत अजून हातात होती.

गाडी दुरुस्त करून आणलीय. हे आणि बटणाचं मी ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "किल्लीच नाही? मग धरायचं काय?"

ताई, भाची हे तुला वाचून दाखवेल. संक्रांतीला मी वाडीवर येते आहे. तू एसटीचंच म्हणशील, आणि मी फार आग्रह करणार नाही. तरी विचारते. परत येताना सुर्लीचा घाट माझ्याबरोबर उतर. पुढे बस, माझ्या शेजारी, आणि मूठ उघडी ठेव.