पटलेंच्या सायकलचा दुसरा डंडा

"सायकल मजबूत करून देल्ली मॅडम, तवापासून पोरगी तिच्यावर बसून नाही राहिली," झनकलाल पटले म्हणाले. "काऊन नाही बसत ते सांगतही नाही. तुम्हीच इचारा."

मी विचारले नाही. आधी सायकल पाहिली. ती वर्कशॉपच्या बेंचला टेकवून ठेवली होती आणि प्रमिला, म्हणजे पटलेंची मुलगी, तिच्याकडे पाठ करून दारात उभी होती.

मी तेव्हा गोंदियाच्या एका तंत्रनिकेतनात मेकॅनिकलची लेक्चरर होते. वर्कशॉपचा चार्जही माझ्याकडेच होता. पटले चोरखमाऱ्याच्या बाजूचे धानाचे शेतकरी. प्रमिला बारावीला होती आणि रोड रेसमध्ये जिल्ह्यात पहिली येत होती. नागपूरची विभागीय निवड वीस दिवसांवर आली होती. सायकल तिच्या फौजेतल्या भावाने बंगळुरूला एका जुन्या रेसरकडून घेऊन रेल्वे पार्सलने पाठवलेली. मुलांनो, तुमच्या आताच्या सायकली कार्बनच्या आहेत. ही पोलादाची होती, हाताने बनवलेली, आणि तशी सायकल मी त्याआधी फक्त पुस्तकात पाहिली होती.

तिला डबल डंडा बसवलेला होता.

डंडा म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत जाणारी आडवी नळी. आमच्या भागात नवी सायकल आली की ती पूजेनंतर मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री तिला आणखी एक डंडा जोडतो, कॅरियरला पट्ट्या लावतो, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कला सपोर्ट देतो. तिच्यावर धानाची पोती जातात, मोहाची जातात, बायको आणि दोन मुले जातात. मजबूत न करता सायकल वापरणारा माणूस बेफिकीर समजला जातो. पटले बेफिकीर नव्हते.

"मी नखानं वाजवून पाहिलं," ते म्हणाले. "डबड्यावानी वाजे. एवढ्याशा पतल्या पाइपावर पोरगी ट्रकाच्या बाजूनं जाते. माह्या डोऱ्याले झोप नाही लागे."

"मग?"

"मंग मिस्त्रीले म्हटलं, लाव डंडा."

मिस्त्रीने अर्धा इंची नळाचा पाइप लावला होता. एक टोक हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीच्या मध्यावर, दुसरे सीटखालच्या नळीच्या मध्यावर. दोन्हीकडे पितळेचा टाका, लिंबाएवढा.

आता प्रमिलेला विचारले. "काय बिघडले?"

"मेली आहे ती," ती म्हणाली.

"नीट सांग. इंजिनियरला सांगतात तसे."

तिने विचार केला. "पहिले जोर लावला की ती थोडीशी दबे, आन मंग परत ढकले. चढावर तर मागून कोणी हात लावल्यावानी वाटे. रस्ता खराब असला तर पायाले समजे, पण लागत नव्हता. आता जोर लावते तर कुठी जाते काय माहीत. आन हातांना नुसता मार बसते."

पंचवीस वर्षे मी मुलांना पोलादाची लवचिकता शिकवली. इतके स्वच्छ उत्तर परीक्षेत कोणी लिहिले नव्हते.

तरी मी क्रम सोडला नाही. सायकल चालवताना जो आराम वाटतो त्यातला मोठा वाटा टायरच्या हवेचा असतो. हवा मोजली, ठीक होती. चाके फिरवून पाहिली, डुगडुगत नव्हती. पुढच्या फोर्कला टोकाशी किंचित बाक असतो, तो धक्का पितो. दोरा लावून बघितला, बाक जागेवर होता. राहिला सांगाडा.

चांगल्या रेसिंग सायकलच्या नळ्या सगळीकडे सारख्या जाड नसतात. टोकांना, म्हणजे जिथे जोड येतात तिथे, जाड आणि मध्ये पातळ. बाहेरून हे कळत नाही, माप एकच असते. जोडाला ताकद हवी म्हणून टोके जाड ठेवायची. मध्ये तेवढी ताकद लागत नाही, म्हणून तिथले वजन काढून टाकायचे. अशी नळी जोराखाली केसभर वाकते आणि लगेच सरळ होते. प्रमिला म्हणत होती तो मागचा हात हाच. मिस्त्रीचा डंडा ते वाकणेच अडवत होता. आणि त्याचे टाके नेमके पातळ जागी पडले होते.

मी वेल्डिंगचे इन्स्ट्रक्टर मेश्राम यांना बोलावले. त्यांनी टाका पाहिला, चष्मा वर केला.

"हा टाका रेल्वेच्या पुलाले चालते मॅडम. सायकलवर कोणी मारला?"

"बाजारातल्या मिस्त्रीने."

"गॅस पूरा खोल दिया था भाईने," मेश्राम म्हणाले आणि मग पटलेंचा चेहरा पाहून त्यांनी चष्मा खाली घेतला.

डंडा कापायचे ठरले. पटलेंनी दोनदा विचारले, कापल्यावर कमजोर होणार नाही ना. मी सांगितले की ती कमजोर कधी नव्हतीच. मेश्रामांनी हॅक्सॉने दोन्ही टोके कापली. डंडा काट्यावर ठेवला तर पाऊण किलो भरला. नळ्यांवर पितळेचे दोन बुंधे राहिले. ते कानशीने घासून पितळेखालची नळी तपासायची आणि मगच सायकल कोणाच्या हातात द्यायची, हा नियम. मुलांना मी तोच शिकवत असे.

प्रमिला दारातून आत आली होती. सायकलच्या सीटवर तिने हात ठेवला होता.

"मॅडम, एक फेरी मारू?"

मी म्हटले, "ग्राउंडला एकच. हळू."

ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत हळू होती. मग तिने पेडलवर उभे राहून जोर लावला, आणि मला लांबून दिसले की सायकलने उत्तर दिले. हे शास्त्रीय वाक्य नाही. पण दुसरे वाक्य मला मिळालेले नाही. थंडीचे दिवस होते, ग्राउंडवर धूळ होती, आणि ती मुलगी धुळीवरून आवाज न करता जात होती. एक फेरी झाली. मी हात वर केला. ती थांबली नाही. दुसरी झाली. मी हाक मारली. तिसऱ्या फेरीला ती आमच्या समोरून गेली तेव्हा हसत नव्हती, तोंड किंचित उघडे होते, डोळे कुठेच बघत नव्हते.

पटले माझ्याशेजारी उभे होते. "हेच," ते म्हणाले. "पहिले अशीच जाऊन राहायची."

ती थांबल्यावर मेश्रामांनी बुंधे घासायला घेतले. सीटखालची नळी स्वच्छ निघाली. तिरप्या नळीवर, पितळेच्या कडेला, त्यांची कानस थबकली.

"मॅडम, इधर देखो."

मला आधी काही दिसले नाही. मी केरोसीन मागवले. नळीला केरोसीन लावायचे, पुसून कोरडे करायचे, वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर त्यात शिरलेले केरोसीन परत वर येते आणि खडूवर रेघ उमटते. पाच मिनिटांनी रेघ उमटली. नळीच्या घेराचा तिसरा हिस्सा. मिस्त्रीच्या जादा आचेने पातळ पोलाद तिथे तडकले होते.

ती मुलगी नुकतीच त्या नळीवर उभी राहून जोर लावत होती, माझ्या परवानगीने.

"लहान आहे मॅडम," प्रमिला म्हणाली. "निवडीपर्यंत चालू द्या."

"उतारावर तुटली तर?"

"नाही तुटत."

"लिहून देतेस?"

"देते."

"तुझ्या लिहून देण्याने पोलाद थांबत नाही, बाई."

नळी बदलावी लागणार होती. तशीच नळी नागपुरात नव्हती. परदेशातून मागवली तर किती महिने लागतील, येईल की नाही, कोणी सांगू शकत नव्हते. त्याच बाहेरच्या मापाची साधी, सगळीकडे सारखी जाड नळी दोन दिवसांत मिळणार होती. ती बसवली की सायकल सुरक्षित, पण जुनी चाल जाणार. आणि पुन्हा बदलता येणार नव्हती. रेसिंग सायकलच्या नळ्या लगमध्ये बसतात, लग म्हणजे जोडाची पोलादी टोपी. लग तापवून एकदा नळी काढता येते. दुसऱ्यांदा तापवायची माझी तयारी नव्हती.

हे सगळे मी प्रमिलेला सांगितले, तिच्या वडिलांना नाही. सायकल तिची होती. थांबलीस तर कदाचित हीच सायकल परत मिळेल आणि या वर्षीची निवड जाईल. नाही थांबलीस तर निवडीला जाता येईल, पण ही चाल परत मिळणार नाही.

ती बराच वेळ सीटवरची धूळ बोटाने पुसत राहिली.

"साधी लावा," ती म्हणाली.

मेश्रामांनी काम उत्तम केले. लग लाल होईपर्यंतच तापवली, पितळ वितळले तशी जुनी नळी फिरवून ओढून काढली, नवी बसवली. जुनी नळी त्यांनी मध्ये उभी चिरली. मी ती पटलेंच्या हातात दिली. त्यांनी टोकाला कडेवरून अंगठा फिरवला, मग मधे.

"मधात पतली आहे."

"हो."

"मुद्दाम केली?"

"मुद्दाम."

ते अंगठा फिरवत राहिले. "आन मी तठीच टाका देल्ला," ते म्हणाले.

यावर मेश्राम काहीतरी विनोद करतील असे मला वाटले. त्यांनी चहा मागवला.

प्रमिलेने नव्या नळीवर ग्राउंडला एक फेरी मारली. एकच. उतरून म्हणाली, "चांगली झाली बाबा."

पटलेंनी माझ्याकडे पाहिले. "पहिल्यावानी?"

"सुरक्षित आहे," मी म्हटले. ते समजले.

नागपूरला ती चौथी आली. सहा जणी घेतल्या, त्यात तिची निवड झाली. राज्य पातळीवर तीन वर्षे खेळली, पदक मिळाले नाही. मग शारीरिक शिक्षणाची शिक्षिका झाली. मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी सालेकशाला एका शाळेच्या बक्षीस समारंभाला गेले, तिथे ती भेटली. गळ्यात शिट्टी होती. मी सायकलची चौकशी केली.

"आहे ना मॅडम. रोज शाळेत नेते."

"चाल कशी आहे?"

"बरी आहे." मग ती मैदानातल्या मुलींकडे बघत म्हणाली, "त्याच्यानंतर दुसऱ्यांच्या लई सायकली चालवून पाहिल्या. महागाच्या पण. तशी एक नाही भेटली." थोडे थांबून, "त्या दिवशी तुम्ही हाक मारली होती ना, ते मले ऐकू आलं होतं. मुद्दामच थांबली नाही."

"तेव्हा तुला कळले होते की नळी जाणार?"

"नाही जी. पण डंडा लागला तवा एकदा गेली होती. मंग वाटलं, आता आहे तर घेऊन घेऊ."

एवढे बोलून तिने शिट्टी वाजवली आणि मुलींना रांगेत उभे केले. रांग सरळ नव्हती, म्हणून पुन्हा वाजवली.

तर मुलांनो, धडा असा. कोणतीही वस्तू मजबूत करण्याआधी ती जिथे पातळ आहे तिथे का पातळ आहे, हे बनवणाऱ्याला विचारावे. आणि आधी तपासणी करावी, मगच कोणाला चालवायला द्यावी. हा क्रम मी सगळ्या नोकरीत एकदाच उलटा केला, आणि त्याचा मला अजून पुरेसा पश्चात्ताप झालेला नाही.