कंधारकडचा ओढा कोणत्या दिशेला वाहतो

लातुरात आम्ही दोन पिकं घेतो, सोयाबीन आणि गुण. सोयाबीनचा भाव पडतो, गुणांचा पडत नाही. मी एकतीस वर्षं या दुसऱ्या पिकाच्या शेतात राबले. विषय भूगोल. निवृत्त झाल्यावर मुलानं हा ब्लॉग काढून दिला आणि मी लिहू लागले. दोन महिन्यांपूर्वी मराठवाड्यातल्या नद्यांवर एक लेख टाकला. त्यातल्या बहुतेक नद्या मी बसच्या खिडकीतून पाहिल्या होत्या, त्याही उन्हाळ्यात. लेखात ठासून लिहिलं होतं की आपल्या भागाचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून इथलं पाणी पूर्वेकडेच जातं, याला अपवाद नाही.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. "बाई, अपवाद हाय. आमचा ओढा अजून पश्चिमेलाच वाहून राहिला. एकदा येऊन बघा. बालाजी, कंधार तालुका."

आमच्याकडे नुसतं बालाजी म्हणून ओळख सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. एकेका वर्गात मला तीन-तीन बालाजी असत. मी विचारलं, कोणता बालाजी? उत्तरात तीनच शब्द आले. "आठवी ब. उलट्या."

मग मात्र आठवलं. घटक चाचणीत मी एक सोपा प्रश्न टाकला होता, सगळ्यांना एक गुण मिळावा म्हणून. तुमच्या गावाजवळचा ओढा कोणत्या दिशेला वाहतो? मावशीकडे राहून शिकणाऱ्या या मुलानं लिहिलं, पश्चिमेला. मी ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "यांच्या गावचं पाणी डोंगर चढतं." वर्ग हसला. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव उलट्या पडलं आणि ते दोन वर्षं टिकलं. हजेरी घेताना माझ्याही तोंडून ते एकदा निघाल्याचं आठवतं. नववीनंतर तो गावी परत गेला. कामून गेला, हे मी विचारलं नव्हतं.

जायचं ठरवलं. एकटी जाऊ नये म्हणून माझ्या मोठ्या नणंदेला, शोभाअक्कांना, विचारलं. त्या सत्तर वर्षांच्या, माहेर-सासर दोन्ही उदगीर भागातलं, रागावल्या की कानडीत बोलतात. त्यांनी कुठं, कशाला, काहीच विचारलं नाही. बायांना बसचं अर्धं तिकीट झाल्यापासून अक्का घरी बसल्या की त्यांना नुकसान झाल्यासारखं वाटतं.

ज्यांना याच वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी सांगते. लातूरहून सकाळी नांदेडची बस धरायची, चाकूर, अहमदपूर करत लोह्याला उतरायचं आणि तिथून कंधार. सगळं मिळून चार तास धरा. सप्टेंबरचा शेवट चांगला. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं, मधल्या तासांत तूर हिरवीगार उभी असते, आणि बालाघाटाचे उतार पाहून वाटतं, कुणीतरी मोठी गोधडी झटकून तशीच टाकून दिलीय. लोह्यापासून आत गेल्यावर एका ठिकाणी 'काम चालू, रस्ता बंद' असा फलक दिसला. फलकावर वेल चढला होता आणि वेलाला दोडके लागले होते.

लोह्याच्या बसमध्ये शेजारी धोतर-टोपीतले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठं चालल्या, बाई?"

"ओढा बघायला."

"ओढ्याकाठची जमीन हाय का?"

"जमीन नाही. नुसता ओढा."

"कुणी मेलंय का तिकडं?"

"नाही हो."

त्यांनी मागं वळून कुणाला तरी सांगितलं, "लातूरचे लोक हायेत. जमीन बघून राहिलेत, पण सांगून नाही राहिले." मागच्या बाकावर लगेच भावाची चर्चा सुरू झाली. कंधार येईपर्यंत आम्ही नऊ एकर घेतले होते आणि अक्कांचा मुलगा कलेक्टर झाला होता. अक्कांनी दोन्ही बातम्या खोडल्या नाहीत.

कंधारचा किल्ला जमिनीवरच आहे, डोंगर चढायला लागत नाही, म्हणून गुडघेदुखीवाल्यांनी अवश्य बघावा. भोवतीचा खंदक एवढा रुंद की शत्रूनं तो बघूनच विचार बदलावा. मी शाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेलं होकायंत्र बाहेर काढलं आणि बुरुजावर उभं राहून उत्तर तपासून घेतली. अक्का म्हणाल्या, "उत्तर कुठं पळून चालली व्हती का?" बाहेर येऊन आम्ही एका गाड्यावर सुशीला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा पदार्थ पुण्याच्या पाहुण्यांना मी पोहे म्हणून देते. ते चांगले झालेत म्हणतात.

बालाजी बसस्टँडवर आला. मी तेरा वर्षांचा मुलगा शोधत होते. आलेला माणूस पंचेचाळिशीचा, कानांवर केस पिकलेले, काळीपिवळी जीप चालवणारा. त्यानं भर स्टँडवर वाकून नमस्कार केला. चाचणी, वर्ग, नाव, कशाचाच विषय काढला नाही. "बाई, पुढं बसा. अक्का, तुमी पण पुढं," एवढंच म्हणाला. पुढच्या सीटवर आम्ही चौघं होतो, त्यातला एक तो स्वतः. मागं किती होते ते मोजता आलं नाही. मागच्या पायरीवर उभा असलेला एक जण सबंध रस्ताभर मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता की आपण निवांत बसलोय.

गावाचं नाव मी लिहीत नाही. सरपंचांना ते पर्यटनाच्या नकाशावर हवंय, बालाजीला नकोय, आणि मी बालाजीची पाहुणी होते.

सरपंच वेशीवर उभे होते. जमीन बघायला आलेल्यांची बातमी आमच्या आधी पोचली होती आणि वाटेत सुधारलीही होती. आता मी लातूरहून आलेली भूगोलतज्ज्ञ झाले होते. शाल, श्रीफळ, हार, फोटो, सगळं उभ्या-उभ्या झालं. मग सरपंच मुद्द्यावर आले. पश्चिमेला वाहणारं पाणी पवित्र असतं, असं त्यांना कुणा महाराजांनी सांगितलं होतं. ओढा पश्चिमवाहिनी ठरला तर घाट बांधता येईल, घाटाला निधी येईल, निधीला उद्घाटन येईल. अडचण एकच होती.

"बंधाऱ्याच्या फलकावर पूर्व लिहून ठेवलंय, मॅडम. तुमी एक कागद द्या."

आम्ही सगळे ओढ्यावर गेलो, सगळे म्हणजे निम्मं गाव. ओढा फार मोठा नव्हता, लुगडं आडवं पसरावं एवढा रुंद, पण पाणी होतं आणि ते चाललं होतं. मी तुरीचं पान सोडलं. होकायंत्र धरलं. पान पश्चिमेला गेलं. दुसरं सोडलं, तेही गेलं. बंधाऱ्याच्या फलकावर खरोखर 'प्रवाहाची दिशा : पूर्व' असं रंगवलेलं होतं आणि बांधकामही त्याला धरून झालं होतं. पाण्याचा मार सोसायचे दगड बसवले होते ते पाणी येतं त्या बाजूला. पाणी जिथं पडतं तिथं नुसती माती होती, म्हणजे पूर्वी होती.

"साहेब आले होते का बघायला?" मी विचारलं.

"न्हाई. हापिसात नकाशा हाय म्हणले," सरपंच म्हणाले.

ते साहेब माझेच विद्यार्थी असावेत असं मला उगाच वाटून गेलं. पूर्ण गुण मिळवणारे.

मी काठानं पुढं चालत गेले. दोन शेतं ओलांडल्यावर टेकडीला वळसा घालून ओढा फिरला होता आणि सरळ पूर्वेकडे निघाला होता. म्हणजे माझाही मुद्दा तसा बरोबरच होता. एवढा आनंद मला शालीचाही झाला नव्हता. मी वळून बोलायला तोंड उघडलं, "पण हे बघा, पुढं जाऊन..."

अक्कांनी माझा दंड धरला. "वैनी, गप बसा."

मी गप बसले. तिथंच थांबायला हवं होतं. पण सरपंचांनी बालाजीच्या जीपमधला प्रवाशांना हाकारायचा भोंगा मागवून माझ्या हातात दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. शिक्षकाच्या हातात भोंगा दिला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी ठरवलं, सगळ्या गावासमोर चूक कबूल करायची. फार मोठं काहीतरी करतोय असं वाटत होतं. सगळं सांगितलं. चाचणी, एक गुण, मी वाचून दाखवलेलं उत्तर. "तुमच्या गावच्या या मुलानं खरं लिहिलं होतं आणि मी त्याला खोटं ठरवलं. मुलं त्याला उलट्या म्हणायला लागली. आज मी त्याची जाहीर माफी मागते."

मग मागून कुणीतरी म्हणून पाहिलं, "उलट्या." नाव जिभेवर चांगलं बसलं असावं, कारण दुसऱ्यानं लगेच म्हटलं, "उलटे शेठ, जीप उलटी चालवता का?" सगळे हसले, सरपंचसुद्धा हसले. टाळ्याही झाल्या, त्या माझ्या मनाच्या मोठेपणाला होत्या.

मी बालाजीकडे पाहिलं. तो फलकाकडे बघत होता. तेव्हा लक्षात आलं की या गावात ते नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं ते लातुरात सोडलं होतं. मी चार तासांचा प्रवास करून घरपोच आणून दिलं.

दिवेलागणीला त्याच्या घरी जेवलो. त्याची बायको रुक्मिण हिनं ज्वारीची गरम भाकरी, येसराची, म्हणजे भाजल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवण इतकं चांगलं होतं की मला त्याचाही त्रास झाला. बालाजी जनावरांना वैरण टाकायला बाहेर गेला तेव्हा मी रुक्मिणला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"न्हाई," ती म्हणाली. "अठरा वर्षं झाली लग्नाला. शाळा सोडली कारण करमत नव्हतं, असं सांगून राहिले होते." थोड्या वेळानं म्हणाली, "अजून अर्धी घ्या."

सकाळी तो आम्हाला कंधारला सोडायला निघाला. वेशीवर चढलेल्या पहिल्याच प्रवाशानं विचारलं, "उलटे शेठ, जागा हाय का?" बालाजीनं त्याला जागा करून दिली. रस्ताभर तो खड्डे चुकवत राहिला आणि मी वाक्य शोधत राहिले. पोरांना भूगोल शिकवताना मला कधी वाक्य शोधावं लागलं नव्हतं.

स्टँडवर आमच्या पिशव्या उतरवताना मी म्हटलं, "बालाजी, मला वाटलं चारचौघांत बोलले ते चारचौघांत मागं घ्यावं."

त्यानं पिशवी खाली ठेवली. आवाजात राग नव्हता. "बाई, मी तुम्हाला बघायला बोलवलं होतं. बोलायला नव्हतं."

"मग आता?"

"आता काय. गावात कुणाला ना कुणाला नाव पडतंच. आमच्या सरपंचाला पण हाय, तुम्हाला कळलं तर चहा पिताना ठसका लागंल." मग त्यानं विचारलं, "पण तुम्ही बघितला ना? नीट?"

"बघितला. पश्चिमेला जातो."

त्यानं मान हलवली. एवढ्यासाठी त्यानं आम्हाला बोलावलं होतं आणि एवढं त्याला मिळालं. बाकीचं मी पदरचं दिलं होतं.

परतीच्या बसमध्ये अक्का माझ्यावर कानडीतही रागावल्या नाहीत. अहमदपूर सोडल्यावर म्हणाल्या, "पोरगं चांगलं निघालं." मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळं न्हाई."

सरपंचांना कागद दिला नाही. त्यांनी दोनदा फोन केला. मी म्हटलं, ओढा तिथंच आहे, ज्यांना लिहायचं त्यांना येऊन बघायला सांगा. त्यांना हे उत्तर अपुरं वाटलं.

घरी आल्यावर नद्यांवरचा तो जुना लेख काढून टाकला. हा लिहिला आणि टाकण्याआधी बालाजीला फोनवर सबंध वाचून दाखवला. नाव बदलू का, विचारलं. तो म्हणाला, बालाजी राहू द्या, आमच्या गावात सहा हायेत. उलट्या ठेवू का, विचारलं. ठेवा म्हणाला, आता कुणापासून लपवायचं. मग त्यानं मला तीन वाक्यं काढायला सांगितली. दोन चुकीची होती, ती मी लगेच काढली. तिसऱ्यावर मी अडून बसले. म्हटलं, हे तर जसं घडलं तसंच आहे, यात चूक काय?

पलीकडं जीपचं इंजिन चालू होतं. तो म्हणाला, "बाई, ते बरोबरच हाय. पण काढा."

काढलं.