सर्व म्हणजे सर्व

हिवाळ्यात घरात पाणी शिरू नये म्हणून मी केलेल्या तयारीत एकच दोष होता: ती शंभर टक्के पूर्ण झाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोह्यात अल हिलालला एका व्हिलाच्या अर्ध्या भागात आम्ही भाड्याने राहत होतो. आम्ही वसईचे, चार-चार महिने पावसात काढलेले लोक. कतारच्या हिवाळ्यातल्या दोन-तीन सरींना कोण घाबरतो? पण तिथली घरं उन्हासाठी बांधलेली. आदल्या हिवाळ्यात भिंतीतल्या एसीच्या फटींतून पाणी आलं आणि हॉलच्या भिंतीवर (नुकत्याच रंगवलेल्या, बदामी भिंतीवर!) नकाशे उमटले. घरमालकांनी त्या नकाशांवरून बोट फिरवलं आणि शांतपणे निकाल दिला, "मदाम, नेक्स्ट विंटर वॉल वेट, यू गो. खलास."

म्हणजे भिंत ओली दिसली की आम्ही घराबाहेर! मुलीची शाळा पायी पाच मिनिटांवर, शेजार चांगला, स्वयंपाकघरात दोन खिडक्या. असं घर परत कुठे मिळणार? माझा नवरा नेल्सन मात्र लगेच म्हणाला, "दुसरं घर बघूया."

"का म्हणून? भिंत ओली होणारच नाही!"

"पाऊस तुला विचारून येतो काय?"

"यायचं तर येऊ दे. आत येणार नाही."

आणि मी यादी केली. (मी यादी करायला बसले की नेल्सनला अचानक बाजारातलं काम आठवतं.) गीझर तपासून घेणे. एसीवर प्लास्टिक बांधणे. खिडक्यांच्या कडा भरून घेणे. क्रमांक सात: घराच्या बाहेरच्या बाजूची सर्व भोकं बुजवणे. 'सर्व'च्या खाली दोन रेघा.

कामाला अंकुश आला. बीडकडचा गवंडी. एका कंपनीत नोकरीला होता आणि शुक्रवारच्या सुट्टीत ओळखीच्या लोकांची कामं करायचा. मी खाली यादी घेऊन उभी, तो वर गच्चीवर सिमेंटचं घमेलं घेऊन.

"ताई, हितं कठड्याच्या बुडाला तीन भोकं हायत. वाळूनं भरलेली. ती बी बुजवू का?"

"यादीत काय लिहिलंय?"

"यादी तुमच्याच हातात हाय की!"

"सर्व लिहिलंय. सर्व म्हणजे सर्व!"

"आवो पर ताई, मला वाटतंय ती भोकं..."

"अंकुश, यादी कोणाची आहे?"

"तुमची," तो म्हणाला आणि त्याने भोकं बुजवली. अशी बुजवली की बोट लावून बघावं! त्याच्या कामाला नाव ठेवायला आजही जागा नाही.

दोन आठवड्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, पाऊस आला. सर नाही, पाऊस! तासाभरात घरमालकांचा फोन, "आय कमिंग. सी वॉल."

"या ना!" मी म्हटलं. मी प्रत्येक भिंतीला हात लावून बघितला होता. कोरडी ठणठणीत! नेल्सनलाही हात लावायला लावला. "बोल आता!" तो बोलणार एवढ्यात स्वयंपाकघरातून आमची रोशेल ओरडली, "ममा, इट्स रेनिंग फ्रॉम द लाइट!"

छतावरच्या दिव्याची काचेची वाटी काठोकाठ भरली होती आणि तिच्यातून ओट्यावर धार लागली होती. नेल्सनने धावत जाऊन मेन स्विच बंद केला आणि तो गच्चीवर गेला. गेला तसा परत आला, पोटऱ्यांपर्यंत भिजून.

"ब्रिजिता, वर तळं झालंय. पाण्याला जायला वाटच नाही."

मी धारेखाली पातेलं सरकवलं.

"कठड्याला खाली तीन भोकं होती ना गं?"

"होती."

"ती पाणी जायला असतात."

"मला कळलं!"

(वसईत जन्म काढलेल्या बाईला हे कोणी सांगावं?)

पण रडत बसणारी मी नव्हे. नेल्सनचा रेनकोट चढवला, हातोडा आणि मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि गच्चीवर चढले. अंकुशचं सिमेंट हलेना. एक घाव, दोन घाव, दहा घाव! अकराव्याला अख्खा बोळा सुटून बाहेर उडाला आणि त्याच्यामागून तळं धो धो निघालं.

"गेलं! यल्ला, गेलं!" मी ओरडले.

खालून कोणीतरी अरबीत ओरडलं.

मी कठड्यावरून वाकून बघितलं. मेन स्विच बंद, त्यामुळे बेल वाजत नव्हती आणि घरमालक दारासमोर उभे होते. बरोब्बर त्या भोकाखाली. पांढराशुभ्र पायघोळ झगा अंगाला चिकटलेला. हातात छत्री होती, पण ती समोरून येणाऱ्या पावसासाठी तिरकी धरलेली. माझ्यासाठी नाही.

ते आत आले तेव्हा नेल्सनचं "सॉरी सर, सॉरी सर" सुरूच होतं. "टू मच रेन, सर..."

"रेन नाही," मी म्हटलं. "आय क्लोज होल. मी! बट यू सी वॉल!"

"ब्रिजिता, गप्प बस."

"का? त्यांनी भिंत म्हटलं होतं. दिव्याचं कुठे म्हटलं होतं? टच, टच!"

बाहीतून पाणी गळत असताना घरमालकांनी हॉलची भिंत चाचपली. मग बेडरूमची. मग परत हॉलची. आम्हा दोघांना सोडलं तर त्या घरात तेव्हा ओल्या गोष्टी तीनच होत्या: दिवा, ओटा आणि ते स्वतः.

"वॉल ड्राय," ते शेवटी म्हणाले. असं म्हणायला त्यांना किती कष्ट पडले ते दिसत होतं.

"देन कॉन्ट्रॅक्ट!" मी म्हटलं. नेल्सनने डोळे मिटून घेतले.

माणूस शब्दाचा पक्का. आठवड्याभरात नवा करार आला. खाली अरबीत एक जादा कलम हाताने लिहिलेलं. रोशेल शाळेत अरबी शिकत होती. तिने बोट ठेवून वाचलं आणि हसत सुटली. श्रीमती ब्रिजिता तुस्कानो यांनी कोणत्याही कारणासाठी गच्चीवर जाऊ नये!

नेल्सन ते कलम काढायला सांगणार होता. मी त्याचा हात धरला. दोह्यातल्या आमच्या आधीच्या प्रत्येक करारात 'नेल्सन तुस्कानो आणि कुटुंब' एवढंच असायचं, आणि त्यातलं कुटुंब म्हणजे मी. या कागदावर पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव आलं होतं, आडनावासकट. एवढा मान मिळवायला बाईमाणसाला घरमालकालाच आंघोळ घालावी लागते!