अक्कांची कळशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही — तिथं हात जोडते तेव्हा इतर सगळं बोलते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगते. लोहाऱ्यात मला ओळखणारी माणसं मला मोठ्या मनाची समजतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

कमल आणि तिची लेक दोन वर्षं एसटी स्टँडमागं, पत्र्याच्या आडोशाला राहत होत्या. कमल हॉटेलात भांडी घासायची. तिला आमच्या गल्लीत भाड्यानं खोली मिळाली, तेव्हा भिशीतल्या आम्ही बायकांनी ठरवलं — संसाराला लागेल ते एकेकीनं द्यायचं. कुणी तवा दिला, कुणी सतरंजी. आपण देतो म्हणजे काय देतो, ठाऊक आहे ना? कडी तुटलेली बादली. बूड पोचलेलं पातेलं. घरातली अडगळ काढायची आणि वर पुण्य पदरात! पाण्याचं भांडं द्यायचं माझ्याकडं आलं.

माझ्या कपाटात स्टीलची नवी कोरी कळशी होती. ती द्यायचा जीव होईना. मग मी माळ्यावर चढले. तिथं थोरल्या जाऊबाईंची — त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो — माहेरची पितळी कळशी पडून होती. तिच्यावर नाव घातलेलं होतं : 'सौ. सुशीला हिस आईकडून'. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतातच आपल्याकडं. मी ते वाचलं. वाचून, चिंचेनं घासून, कळशी लख्ख करून कमलच्या खोलीवर नेऊन दिली. अक्कांना विचारलं? नाही. विचारलं असतं तर त्यांनी दिली नसती. आणि कमलला कुठं वाचता येत होतं! ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

पंधरा दिवस गेले. नळाला पाणी आलं, गल्ली रांगेत उभी होती. अक्का सहसा नळावर येत नाहीत — त्या दिवशी आल्या. कळशी त्यांनी लांबूनच ओळखली.

"ही माझ्या आईनं दिलेली हाय. कुठनं उचललीस गं?"

कमल घाबरली नाही, हे लक्षात ठेवा. ती सरळ माझ्याकडं वळली. "या बाईंनी दिली की. इचारा त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

काय होणार होतं? अक्का चार दिवस बोलल्या नसत्या. घरात आदळआपट झाली असती. बस — एवढंच! एवढ्याला भिऊन मी म्हणाले, "मी? मी कशाला देऊ? माझं भांडं तर अजून द्यायचंच राहिलंय."

वर आणखी म्हणाले — हे कुणी विचारलंही नव्हतं — "परवा माळा झाडायला आली होती ती आमच्याकडं." ती आली नव्हती. कधीच नाही.

कमल माझ्याकडं बघत राहिली, आणि मला तिचाच राग आला. खोटं मी बोलले, आणि राग तिचा! अक्कांनी कळशी काढून घेतली. कमलचा घरमालक तिथंच होता. उद्याच्या उद्या खोली खाली कर, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा खोली रिकामी होती. तवा, सतरंजी, पातेलं, तुटक्या कडीची बादलीसुद्धा — आम्ही दिलेलं सगळं तिनं धुऊन-पुसून उंबऱ्याबाहेर ओळीनं मांडलं होतं. पुन्हा कुणी चोर म्हणू नये म्हणून. बायकांना तिचा माज दिसला. 'असल्यांचं भलं करायला जाऊ नये,' असं म्हणत ज्या-त्या बाईनं आपापलं उचललं. मीही मान हलवली.

कमल चोर नव्हती. चोरी मी केली, आणि नाव तिचं घेतलं. ती लेकीला घेऊन उमरग्याच्या गाडीत बसली, असं कुणीतरी म्हणालं. उमरगा काही लांब नाही. मी गेले नाही.